फेसलिफ्ट करून घेण्याचा विचार आहे. नेमकी काय अपेक्षा ठेवावी?

प्रश्न : इंदिरानगरची शिक्षिका

नमस्कार. मी ५८ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते. मधुमेहाचे निदान झाल्यापासून आहार आणि चालण्याचा नेम कसोशीने पाळला. त्यामुळे साखर आटोक्यात आली आणि वजनही बरेच उतरले, पण त्यासोबत चेहराही उतरला. जबड्याच्या दोन्ही कडांना कातडी लोंबते, हनुवटीपासून गळ्यापर्यंत दोन उभ्या पट्ट्या ताणलेल्या दिसतात, आणि बऱ्याच दिवसांनी भेटणारे लोक आधी प्रकृतीचीच चौकशी करतात. प्रकृती उत्तम आहे, पण चेहऱ्यावरून तसे कोणाला वाटत नाही, आणि याचा मला मनापासून त्रास होतो.

येत्या वैशाखात मुलाचे लग्न आहे. गणपती नुकतेच झाले, म्हणजे हाताशी सात-आठ महिने आहेत. फेसलिफ्टच्या, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी उचलून बसवण्याच्या, शस्त्रक्रियेनंतर किती दुखते, चारचौघांत कधी वावरता येते, आणि मी रोज अंबाडा घालत असल्यामुळे कानामागचे व्रण दिसतील का, हे मला जाणून घ्यायचे आहे. शस्त्रक्रिया नाशिकमध्येच करावी की मुंबईला जावे, याबद्दलही मन ठरत नाही. चेहऱ्यात दोरे घालून तो उचलण्याचा सोपा उपाय एका ठिकाणी सुचवला गेला. तो पुरेसा होईल का? मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि दातांना मिश्री लावण्याची जुनी सवय आहे, हेही सांगून ठेवते. या वयात हे कशासाठी, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे. तेव्हा जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी माहिती द्यावी, ही विनंती.

उत्तर : गंगापूर रोडवरून

ताई, मी ही शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी, साठीच्या आसपास असताना करून घेतली. निर्णय योग्य होता असेच मला आजही वाटते. पण पहिल्या महिन्यात काय काय होते हे आधी कोणी सविस्तर सांगितले असते, तर तो काळ पुष्कळ हलका गेला असता, म्हणून जरा विस्ताराने लिहीत आहे.

दुखणे माझ्या कल्पनेपेक्षा कमी होते आणि साध्या वेदनाशामक गोळ्यांनी आटोक्यात राहिले. त्रास झाला तो घट्टपणाचा. शुद्धीवर आले तेव्हा डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी गुंडाळलेली होती आणि कानामागून निघालेल्या दोन बारीक नळ्यांतून लालसर पाणी छोट्या डब्यांत जमा होत होते. त्या नळ्या एक-दोन दिवसांत काढल्या जातात आणि काढताना फारसे कळतही नाही. पुढे घट्टपणामुळे तोंड पूर्ण उघडत नाही, चावताना गाल ओढला जातो. भाकरी विसरून पेज, मऊ खिचडी आणि कुस्करलेला बटाटा यांवर पहिला आठवडा काढावा लागतो. झोपताना दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवायचे आणि कुशीवर वळायचे नाही, हे मला सर्वांत अवघड गेले.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वाधिक असते. त्या दिवसांत आरशात जो चेहरा दिसतो तो आपला नसतो, तसा तो शस्त्रक्रियेचा परिणामही नसतो, हे मनाला पुनःपुन्हा सांगावे लागते. काळेनिळे डाग गालांवरून गळ्यावर आणि तिथून छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरतात, हिरवट-पिवळे होतात आणि साधारण दोन आठवड्यांत विरतात. याच सुमारास मन फार खचते. मला कारण नसताना रडू येत असे आणि आपण हे उगाच केले असे वाटत असे. पुढे कळले की बहुतेकांना हा टप्पा लागतो आणि सुजेबरोबर तो ओसरतो. तेवढ्या दिवसांत घरात समजूतदार माणूस हवे. सासूबाईंच्या ओळखीच्या बायकांनी बघायला यावे असे ते दिवस नव्हेत.

बधिरपणाविषयी मात्र सगळ्यांनी आधी सांगायला हवे. कानाची पाळी, कानापुढचा गाल आणि गळ्याची बाजू काही महिने बधिर राहते. कुडीची फिरकी बसली की नाही हे माझ्या बोटांना कळत असे, कानाला कळत नसे; फिरकी घट्ट पिळून पाळी लाल झाली तरी पत्ता लागला नव्हता. संवेदना परतू लागते तेव्हा मुंग्या येतात, मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ येते, आणि तेच बरे होण्याचे लक्षण असते. बधिर कातडीला गरम पाण्याचा शेक, गरम हवेचा ड्रायर किंवा बर्फाचा खडा थेट लावू नये, कारण भाजले किंवा गोठले तरी कळत नाही.

दोन आठवड्यांनंतर मी भाजी आणायला बाहेर पडू लागले आणि महिन्याभराने एका बारशाला गेले, तेव्हा कोणी विशेष काही विचारले नाही. तरी बारीक सूज जायला, गळा मोकळा वाटायला आणि हसू पहिल्यासारखे दिसायला कितीतरी महिने लागले. लग्नाचे म्हणाल तर किमान तीन महिने मध्ये ठेवाच, सहा ठेवलेत तर अधिक चांगले. तुळशीचे लग्न झाले की लगेच शस्त्रक्रिया केलीत तर थंडीत पट्टीखाली घामाचा त्रास होणार नाही आणि चैत्र-वैशाखाचे ऊन सुरू होईपर्यंत व्रणही थोडे जुने झालेले असतील.

व्रणाबद्दल खरे ते सांगते. कानापुढचा व्रण आता मलाही शोधावा लागतो. कानामागून केसांत जाणारा थोडा रुंद राहिला आहे आणि केस घट्ट वर बांधले तर मागे उभ्या असलेल्या माणसाला तो दिसतो. आपण रोज अंबाडा घालता हे पहिल्याच भेटीत सर्जनना सांगा, शक्य झाल्यास अंबाडा घालूनच जा. छेद केसांच्या आत घ्यायचा की केसांच्या रेषेला लागून, हे त्यावरून ठरवता येते. आत घेतला तर व्रण झाकला जातो, पण कातडी बरीच काढायची असेल तर केसांची रेषा मागे सरकून तिथे पायरी दिसू शकते.

जे बदलले नाही तेही लिहायला हवे. कपाळाच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, वरच्या ओठावरच्या बारीक उभ्या रेषा आणि गालांवरचा वांग हे सारे होते तसेच राहिले. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांकडे उतरणारी घडी थोडी सौम्य झाली, गेली नाही. जबड्याची रेषा आणि गळा मात्र खरोखर सुधारला, आणि माझी मुख्य तक्रार तीच होती.

उत्तर : शस्त्रक्रियागृहातील माजी परिचारिका, नाशिक रोड

मी अनेक वर्षे प्लास्टिक सर्जरीच्या शस्त्रक्रियागृहात काम केले आहे. वरच्या उत्तरात अनुभव नेमका आला आहे. मी त्यामागची कारणे आणि धोके लिहिते. अंतिम शब्द अर्थातच आपल्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही शस्त्रक्रिया सुरू झाली तेव्हा फक्त कातडी कापून मागे ओढत आणि शिवत. कातडी ताण सोसत नाही. ती पुन्हा सैल पडे, व्रण रुंद होत आणि चेहरा ओढल्यासारखा दिसे. १९७४ मध्ये स्वीडनचे सर्जन स्कूग यांनी कातडीखालच्या थरासह चेहरा उचलण्याची पद्धत मांडली आणि १९७६ मध्ये फ्रान्सच्या मिट्झ आणि पेरोनी यांनी त्या थराची रचना नीट वर्णन केली. स्नायू आणि तंतूंच्या या थराला ‘स्मास’ म्हणतात. आज ताण या थरावर दिला जातो आणि वरची जास्तीची कातडी अलगद बसवून टाके घातले जातात. १९९० मध्ये हामरा यांनी मांडलेली ‘डीप प्लेन’ पद्धत याच्याही खालून जाते. आपण डॉक्टरांना पद्धतीचे नाव अवश्य विचारा, पण नावापेक्षा ती पद्धत त्यांच्या हातात किती मुरलेली आहे याला अधिक महत्त्व द्या.

गळ्यावरच्या ज्या उभ्या पट्ट्यांचा आपण उल्लेख केला आहे, त्या प्लॅटिस्मा नावाच्या पातळ स्नायूच्या सुटलेल्या कडा आहेत. हनुवटीखाली लहान छेद घेऊन त्या मध्यरेषेत एकमेकींना शिवतात. म्हणजे आपल्याला चेहरा आणि गळा असे दोन्ही लागेल आणि शस्त्रक्रियेला साधारण तीन ते पाच तास लागतील. वजन उतरल्यामुळे झालेल्या बदलात आणखी एक बाब असते : कातडी सैल होते तशी गालांतली चरबीही कमी होते. अशा वेळी नुसते ओढले तर चेहरा खप्पड दिसतो. म्हणून कित्येकदा पोटावरची थोडी चरबी काढून गालांत भरतात. त्यातला काही भाग शरीर शोषून घेते, हे गृहीत धरावे लागते. वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच शस्त्रक्रिया करावी, अन्यथा पुन्हा पाच-सहा किलो उतरल्यास केलेले काम सैल पडते.

आता रक्तदाबाविषयी. या शस्त्रक्रियेतील सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साचणे, आणि ते बहुधा पहिल्या २४ तासांत होते. चढलेला रक्तदाब हे त्याचे मोठे कारण आहे. पुरुषांत हे अधिक होते, कारण दाढीच्या कातडीला रक्तपुरवठा जास्त असतो. दोन्ही बाजूंना सारखी सूज अपेक्षित आहे. परंतु एकाच बाजूला वेदना आणि फुगवटा झपाट्याने वाढू लागला, गळा आवळल्यासारखा वाटला, तर सकाळची वाट पाहायची नाही. साचलेले रक्त ताबडतोब बाहेर काढले तर बहुधा पुढे काही नुकसान राहत नाही, उशीर केला तर वरची कातडी मरू शकते. म्हणूनच पहिली रात्र रुग्णालयात काढण्याचा आग्रह धरा. रक्तदाबाची गोळी शस्त्रक्रियेच्या दिवशी घ्यायची की नाही हे भूलतज्ज्ञांना विचारा, परस्पर बंद करू नका. पहिले काही आठवडे खाली वाकणे, जड उचलणे, कपालभाती आणि शीर्षासन बंद. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंका. पाया पडताना वाकू नका, मोठी माणसे समजून घेतील.

मिश्रीबद्दल मी कळकळीने लिहीत आहे, कारण आपल्याकडे बायका तिला तंबाखूत मोजतच नाहीत आणि डॉक्टरांनी ‘धूम्रपान करता का’ असे विचारले की खरेपणाने ‘नाही’ म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जाते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. फेसलिफ्टमध्ये कातडी खालून सोडवलेली असते आणि तिला रक्त कडेकडेनेच मिळते. कानामागचा भाग रक्तपुरवठ्यापासून सर्वांत दूर पडतो. निकोटीन घेणाऱ्यांची तिथली कातडी काळी पडून गळून जाण्याचा धोका पुष्कळ वाढतो आणि मग जो व्रण राहतो तो अंबाड्याखालीही झाकत नाही. आधी किमान चार आठवडे आणि नंतरही किमान तितकेच आठवडे मिश्री पूर्ण बंद हवी. निकोटीनची गोळी किंवा च्युइंगम हाही त्याला पर्याय नाही, कारण त्यातही निकोटीनच आहे.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व आणि चालू असलेली आयुर्वेदिक औषधे या सर्वांची यादी करून द्या. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो आणि ती साधारण दोन आठवडे आधी थांबवतात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ते हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय थांबवायचे नाही. साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणीही आधी करून ठेवा.

नसांचे सांगायचे राहिले. कानाला संवेदना देणारी नस जबड्याच्या कोपऱ्यामागून वर जाते आणि या शस्त्रक्रियेत सर्वाधिक दुखावते ती हीच. चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्यांना इजा होणे विरळा. झाल्यास ओठाचा कोपरा किंवा भुवई काही काळ नीट हलत नाही आणि बहुतेकांत ते काही आठवड्यांत ते महिन्यांत भरून येते. कायमचे राहण्याची शक्यता थोडी का होईना असते, आणि संमतीपत्रावर सही करताना ही ओळ वाचूनच सही करावी. आपल्या वर्णाच्या त्वचेत व्रण फुगण्याची प्रवृत्तीही अधिक असते. कान टोचल्यावर किंवा सिझेरियननंतर व्रण जाड झाला असेल तर तेही सांगा.

उत्तर : सिडकोतील करसल्लागार

खर्चासंबंधी दोनच गोष्टी सांगतो. रुग्णालयाच्या उपचारांवर सर्वसाधारणपणे जीएसटी लागत नाही, परंतु सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया २०१७ च्या सवलतीच्या अधिसूचनेतून वगळलेली असून तिच्यावर १८ टक्के कर लागतो; जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा अपघातातील इजा दुरुस्त करायची असेल तरच सूट मिळते. त्यामुळे रुग्णालयाने सांगितलेला आकडा करासहित आहे का, त्यात भूलतज्ज्ञ, खोली, औषधे, दाबपट्टी आणि टाके काढण्याच्या भेटी धरल्या आहेत का, हे लेखी घ्यावे. आरोग्य विम्यातून काही मिळणार नाही. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया आहे. गुंतागुंत होऊन पुन्हा दाखल व्हावे लागल्यास काय, हे आपल्या विमा कंपनीला आधीच पत्राने विचारून ठेवावे.

उत्तर : पंचवटीकर

ताई, दोऱ्यांच्या उपचाराबद्दल माझ्या पत्नीचा अनुभव लिहितो. तिचे वय आणि तक्रार साधारण आपल्यासारखीच होती. एका चिकित्सालयात, ज्याचे नाव मी घेत नाही, तिला सांगण्यात आले की दुपारच्या सुट्टीत काम होईल आणि फेसलिफ्टइतकाच फरक दिसेल. पहिले काही महिने फरक दिसलाही. वर्ष उलटायच्या आत जबडा पूर्ववत झाला. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले की हे दोरे साधारण सहा महिन्यांत विरघळणाऱ्या धाग्याचे असतात, ते ऊती थोड्या उचलून धरतात, पण जास्तीची कातडी त्याने काढली जात नाही. ज्यांची कातडी नुकतीच सैल होऊ लागली आहे त्यांना त्याचा काही उपयोग होत असेल, पण गळ्यावर पट्ट्या आणि लोंबणारी कातडी असताना तो खर्च वाया जातो असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

डॉक्टर निवडताना पाटीवरच्या ‘कॉस्मेटिक’ या शब्दावर जाऊ नका. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का ते पाहा आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी तपासा. त्यांनी वर्षभरात किती फेसलिफ्ट केल्या, त्यांतल्या आपल्या वयाच्या आणि वर्णाच्या रुग्णांची आधीची आणि वर्षानंतरची छायाचित्रे दाखवता येतील का, हे संकोच न करता विचारा. छायाचित्रात प्रकाश आणि मानेची ठेवण दोन्हीकडे सारखी आहे का तेही पाहा. मान थोडी वर केली तरी गळा तरुण दिसतो.

नाशिक की मुंबई, याचा निर्णय डॉक्टर पाहून करावा, पण मुंबईला केलीत तर पहिले दोन आठवडे तिथेच नातेवाइकांकडे मुक्काम ठेवा. कानापुढचे टाके पाच-सात दिवसांनी आणि कानामागचे दहा-चौदा दिवसांनी काढतात. त्याआधी कसारा घाटातून ये-जा करण्यात अर्थ नाही, आणि वर परिचारिका ताईंनी सांगितलेली रक्त साचण्याची अडचण रात्री दोन वाजता नाशिकमध्ये उद्भवली तर सर्जन दीडशे किलोमीटरवर असून उपयोग काय? मला तर याच कारणासाठी घराजवळचा चांगला सर्जन अधिक मोलाचा वाटतो.

पुन्हा प्रश्न : इंदिरानगरची शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिश्री तंबाखूतच मोडते हे ठाऊक असूनही डॉक्टरांना ती सांगायला हवी, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आता पहिल्या भेटीतच सांगेन. दोन शंका उरल्या आहेत. जड कुड्या आणि झुबे वापरून माझ्या कानांची भोके ओघळली आहेत. ती याच वेळी शिवून घेता येतील का? आणि हळदीच्या दिवशी चेहऱ्याला हळद लागली तर व्रणांना काही अपाय होईल का?

उत्तर : शस्त्रक्रियागृहातील माजी परिचारिका, नाशिक रोड

ओघळलेली भोके त्याच वेळी शिवता येतात, पण छेद पाळीच्या भोवतीनेच जात असल्याने काही सर्जन पाळीच्या रक्तपुरवठ्याचा विचार करून ते काम नंतर, स्थानिक भूल देऊन करणे पसंत करतात. दोन्ही मान्य आहे. शिवलेली पाळी पुन्हा टोचायला काही महिने थांबावे लागते, त्यामुळे लग्नात जड कुड्या घालायच्या असतील तर ही दुरुस्ती लग्नानंतर करणे सोयीचे. एक गोष्ट मात्र सर्जनना बोलून दाखवा : पाळीवर ताण ठेवून टाके घातले तर ती खाली गालाकडे ओढली जाऊन चिकटल्यासारखी दिसते, आणि ज्या बाईला कानांत दागिना घालायचा आहे तिला ते फार खुपते.

हळदीचे म्हणाल तर कार्तिकात शस्त्रक्रिया झाली असेल तर वैशाखापर्यंत जखमा पूर्ण भरलेल्या असतात, तेव्हा हळद लागली म्हणून बिघडत नाही. व्रणांवर चोळू मात्र देऊ नका. खरी काळजी उन्हाची घ्या. व्रण लालसर असेपर्यंत, म्हणजे सहा महिने ते वर्षभर, त्यांच्यावर ऊन पडले तर ते काळपट होऊन राहतात. सनस्क्रीन आणि डोक्यावरून पदर, दोन्ही वापरा. केसांना रंग लावत असाल तर तो शस्त्रक्रियेच्या आधी लावून घ्या. नंतर सर्जन परवानगी देईपर्यंत, साधारण महिना-दीड महिना, तो बंदच ठेवावा लागेल. मिश्री आजपासूनच सोडायला घ्या, कारण शस्त्रक्रियेची तारीख तिच्यावरूनच ठरवायची आहे.